चहा, कॉफी आणि जठराचा कर्करोग : खरे भय कशाचे?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागात दोन भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात. एक कारखान्याच्या बॉयलरची आणि दुसरी चहाच्या टपरीची. काट्यावर गाड्यांची रांग लागली, गव्हाणीला नंबर यायला पहाट झाली, की चहाशिवाय माणूस तग धरत नाही. ऊसतोडीच्या टोळीत तर पहाटे चारला चुलीवर आधी चहा चढतो, मग कोयत्याला धार लागते. पाव्हणा आला तर चहा, सोयरीक ठरली तर चहा आणि मयताला गेलो तरी घरी परत येऊन चहा.

अशा या चहाबद्दल आणि अलीकडे तरुण पोरांत वाढलेल्या कॉफीबद्दल एक भीती गावोगाव ऐकू येते. "चहानं आतडी जळतात," "कॉफीनं पोटात कॅन्सर होतो," असे कुणी सांगते. ते ऐकून एखादा चहा सोडतो. मात्र तोच गडी खिशातली तंबाखूची पुडी काही सोडत नाही आणि चार महिने पोटात दुखत असताना सोडा पिऊन दिवस ढकलतो. म्हणजे भीती एकीकडे आणि धोका दुसरीकडे, अशी गत होते. सबब या पाठात आपण हा विषय नीट समजून घेऊ. चहा-कॉफीने जठराचा कर्करोग होतो काय, होत नसेल तर तो कशाने होतो, आणि चहाचा काही दोष असेल तर तो कोणता, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

१. आधी दोन अवयव ओळखा

आपण बोलताना सगळ्यालाच 'पोट' म्हणतो. पण या विषयात दोन अवयव वेगळे ओळखावे लागतात. घशापासून खाली जाणारी, सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची नळी ती अन्ननलिका. ती जिथे संपते तिथे पिशवीसारखा अवयव सुरू होतो, ते जठर. अन्ननलिकेत अन्न थांबत नाही, नुसते पुढे जाते. जठरात मात्र ते काही तास राहते आणि तिथल्या आम्लात घुसळले जाते.

घोटलेला चहा अन्ननलिकेच्या अस्तराला जवळजवळ पेल्यातल्याच उष्णतेने भिडतो. जठरात पोचल्यावर तो तिथल्या अन्नात आणि रसात मिसळून निवतो. हा फरक ध्यानात ठेवा. पुढचा निम्मा पाठ त्यावर उभा आहे.

२. कॉफीवर आळ आला आणि उतरला

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी एक संस्था फ्रान्समधील लिऑन शहरी आहे. जगभरचे अभ्यास गोळा करून, कोणत्या वस्तूने माणसाला कर्करोग होतो याचा निवाडा ती करते. तिने वस्तूंचे गट पाडले आहेत. पहिल्या गटात पक्का पुरावा असलेल्या वस्तू येतात : तंबाखू, दारू आणि आपल्या पानात पडणारी सुपारीसुद्धा. त्याखाली 'बहुधा', मग 'कदाचित' आणि शेवटी 'पुराव्यावरून काही ठरवता येत नाही' असे गट आहेत.

इथे एक गैरसमज टाळावा. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. न्यायालयात गुन्हा शाबीत होणे वेगळे आणि शिक्षा किती ते वेगळे, तसेच हे आहे.

या संस्थेने १९९१ साली कॉफीला 'कदाचित' या गटात टाकले होते. तोही आळ जठराच्या कर्करोगाचा नव्हता, मूत्राशयाच्या कर्करोगाचा होता. साध्या चहाला त्याच वर्षी 'काही ठरवता येत नाही' या गटात ठेवले होते. पंचवीस वर्षांनी, २०१६ च्या मे महिन्यात, दहा देशांतले २३ तज्ज्ञ लिऑनला पुन्हा बसले. त्यांनी एक हजाराहून अधिक अभ्यास चाळले आणि कॉफीला त्या संशयाच्या गटातून बाहेर काढले. जठरासह अनेक अवयवांच्या बाबतीत कॉफीला दोषी धरावे इतका पुरावा मिळाला नाही. उलट यकृताचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कॉफी पिणाऱ्यांत कमी आढळतो, असे दिसले.

मग आधी आळ आला कसा? हे समजण्यासाठी आपल्या रानात जाऊ.

३. अडसाली आणि खोडवा

समजा, एका सभासदाने उसावर नवे फवारणीचे औषध मारले आणि त्याला एकरी साठ टन उतारा पडला. शेजाऱ्याने औषध मारले नाही, त्याला पस्तीस टन पडला. औषधवाला एजंट म्हणणार, "बघा आमच्या औषधाची करामत!" पण आपण विचारू, "पहिल्याचा ऊस अडसाली होता आणि दुसऱ्याचा खोडवा, खरं ना? पहिल्याकडं ठिबक होतं, दुसरा पाटानं पाणी देत होता, खरं ना?" मग पंचवीस टनांचा फरक औषधाचा कसा म्हणायचा? औषधाचा गुण तपासायचा तर एकच रान, एकच जात, एकच लागण, एकच पाणी घेऊन, निम्म्यावर औषध मारून आणि निम्म्यावर न मारता बघावे लागेल.

माणसांच्या अभ्यासातही हीच अडचण येते. बऱ्याच देशांत भरपूर कॉफी पिणारे लोक सिगारेटीही भरपूर ओढत होते. मूत्राशयाचा कर्करोग सिगारेटीने होतो हे पक्के आहे. कॉफीचा पेला आणि सिगारेट जोडीने चालल्यामुळे सिगारेटीचे पाप काही अंशी कॉफीच्या माथी बसले. पुढे सिगारेट न ओढणारे कॉफीबाज वेगळे काढून पाहिल्यावर आळ फिका पडला.

आपल्याकडे चहा आणि बिडी, चहा आणि मिसरी, चहा आणि तंबाखूची चिमूट अशी जोडी असते. सबब "आमच्या आळीतला अमका फार चहा प्यायचा, त्याला कॅन्सर झाला," असे कुणी सांगितले, तर पहिला प्रश्न हा विचारावा : चहाबरोबर तो आणखी काय घेत होता?

४. जपानचा हिरवा चहा

चहाच्या बाबतीत भीतीची दुसरी बाजूही आहे. चहाने कर्करोग टळतो, विशेषतः हिरव्या चहाने, असाही प्रचार होतो. त्यासाठी दुकानात साध्या चहापेक्षा जास्त पैसे मोजले जातात. हेही तपासून घेऊ.

जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जगात मोठे आणि हिरवा चहाही घरोघर. तिथल्या मियागी प्रांतात चाळीस वर्षांवरील २६,३११ स्त्री-पुरुषांना कोण किती चहा पितो हे विचारून १९८४ पासून १९९२ अखेरपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. तेवढ्या काळात ४१९ जणांना जठराचा कर्करोग झाला. दिवसाला पाच किंवा अधिक पेले पिणारे आणि एक पेलाही न पिणारे यांची तुलना केली. वय, धूम्रपान, आहार वगैरे फरक हिशेबात धरल्यावर चहाने धोका कमी झालेला दिसला नाही. हा अभ्यास २००१ साली अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

तात्पर्य, जठराच्या कर्करोगाच्या बाबतीत चहा हे विष ठरलेले नाही आणि अमृतही ठरलेले नाही. आवडतो म्हणून प्यावा, औषध म्हणून पिऊ नये.

५. दोष पेयाचा नव्हे, चटक्याचा

२०१६ च्या त्याच बैठकीत तज्ज्ञांनी दुसरा एक निर्णय दिला, तो आपल्या जास्त उपयोगाचा आहे. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम असलेले कोणतेही पेय पिण्याने अन्ननलिकेचा कर्करोग 'बहुधा' होतो, असे त्यांनी ठरवले. पेय चहा असो, कॉफी असो की दुसरे काही, कारण उष्णता हे आहे.

६५ अंश म्हणजे किती? आपल्या कारखान्यात उसाचा कच्चा रस चुना आणि गंधकाच्या धुरीला जाण्याआधी पहिल्या हीटरमध्ये ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवतात. तो रस कुणी बोटावर घेईल काय? पण कितीतरी मंडळी तेवढाच गरम चहा रोज घशाखाली ओततात आणि वर म्हणतात, "चहा कसा, चटका बसला पाहिजे!"

या निर्णयामागे इराणच्या ईशान्येकडील गोलेस्तान प्रांताचा मोठा अभ्यास आहे. त्या भागात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. तिथे दारू जवळपास नाही, सिगारेटही फारशी नाही, पण काळा चहा दिवसभर चालतो. संशोधकांनी कर्करोग झालेले ३०० रुग्ण आणि त्याच वस्तीतले ५७१ निरोगी लोक घेतले आणि चहा किती गरम पिता हे विचारले. कोमट किंवा बेताचा गरम चहा पिणाऱ्यांच्या मानाने गरम चहा पिणाऱ्यांत धोका दुप्पट आणि अति गरम पिणाऱ्यांत आठ पट आढळला. पेल्यात ओतल्यापासून दोन मिनिटांच्या आत पिणाऱ्यांत, चार मिनिटे वा अधिक थांबणाऱ्यांपेक्षा, धोका पाच पटीहून जास्त दिसला. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

आता कुणी म्हणेल, "गरम आणि अति गरम हे तोंडी सांगणं झालं, त्याचं माप काय?" संशोधकांनी त्याचीही सोय केली. त्याच प्रांतातल्या सुमारे ४८ हजार लोकांसमोर त्यांनी चहाचे दोन पेले भरले. एकात तापमापक बुडवला आणि दुसरा माणसाच्या हाती दिला. पारा ७५ वर आला की विचारायचे, "घोट घेऊन सांगा, एवढाच गरम पिता का?" नाही म्हटले तर ७० पर्यंत थांबायचे, पुन्हा विचारायचे. असे पाच-पाच अंशांनी खाली यायचे. शंभरात बावीस माणसे ६५ अंश किंवा त्याहून गरम चहा पिणारी निघाली. पुढे अनेक वर्षे या लोकांची विचारपूस चालू ठेवली. रोज ७०० मिलिलिटर किंवा अधिक चहा ६० अंश वा त्यापेक्षा गरम पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका, कमी आणि निवालेला चहा पिणाऱ्यांपेक्षा, नव्वद टक्क्यांनी जास्त भरला.

असे का होते? रोज त्याच जागी चटका बसला की अस्तराच्या पेशी मरतात आणि शरीर नव्या पेशी तयार करते. वर्षानुवर्षे भाजणे आणि भरून येणे चालू राहिले की एखाद्या वेळी नव्या पेशीची घडण बिघडते. शिवाय भाजलेल्या अस्तरातून तंबाखूचे आणि दारूचे विष सहज आत शिरते. चीनमधल्या साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात २०१८ साली हेच दिसले. रोज अति गरम चहा आणि वर रोज बऱ्यापैकी दारू, अशांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका पाच पट होता. गरम चहा आणि धूम्रपान एकत्र, तर दुप्पट. ज्यांना दारू-तंबाखूचे व्यसन नव्हते, त्यांच्यात निव्वळ गरम चहाने धोका वाढलेला दिसला नाही.

पट ऐकून घाबरूनही जाऊ नये. 'दुप्पट' हा शब्द कशाच्या दुप्पट ते सांगत नाही. हजारात एकाचे दोन झाले तरी दुप्पट आणि शंभरात दहाचे वीस झाले तरी दुप्पटच. पण जो धोका पाच मिनिटे थांबून टळतो, तो अंगावर का घ्यावा?

६. बशीची अक्कल

आपले वाडवडील चहा बशीत ओतून, फुंकर घालून प्यायचे. शिकलेली पोरे याला हसतात. पण बशीत चहा पसरतो, हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि तो झटपट निवतो. गुऱ्हाळातली काहील पसरट का असते, तेच कारण. कागदी पेला आला आणि बशी गेली. रांगेतला ड्रायव्हर आता टपरीवरून पेला उचलतो, पुढची गाडी हलली म्हणून दोन घोटांत संपवतो. सबब सांगणे एवढेच, बशी असेल तर लाजू नका. नसेल तर पेला पाच मिनिटे बाजूला ठेवा. ओठ लावताच मागे घ्यावा लागला, तर तो चहा अजून पिण्याजोगा झालेला नाही, असे खुशाल समजा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर निववूनच द्या.

७. जठराचा खरा वैरी

आता जठराकडे वळू. २०२२ साली जगात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ७० हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ६ लाख ६० हजार माणसे त्याने दगावली. याचे सर्वांत मोठे कारण एक जंतू आहे. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपण त्याला पायलोरी म्हणू.

पूर्वी डॉक्टर मंडळींचा ठाम समज होता, की जठरात इतके आम्ल असते की तिथे कोणताही जंतू तग धरणार नाही. जठरातला अल्सर, म्हणजे व्रण, हा काळजी, तिखट आणि वाढलेले आम्ल यांनीच होतो, असे शिकवले जाई. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी रॉबिन वॉरन यांना सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या अस्तरात वाकडे जंतू वारंवार दिसले. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांना घेऊन त्यांनी ते जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याची खटपट केली. जंतू काही वाढेनात. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि सुट्टीनंतर पाहतात तो जंतू उगवलेले! त्यांना उगवायला जास्त दिवस लागत होते, एवढेच. तरीही कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी ते जंतू स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली आणि तपासणीत तेच जंतू सापडले. १९९४ साली लिऑनच्या संस्थेने पायलोरीला पहिल्या, म्हणजे पक्क्या गटात टाकले. २००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात जातो. तोंडातून तोंडात, अस्वच्छ हातांतून, दूषित पाण्यातून. आपल्या देशात तो फार मोठ्या संख्येने लोकांत आहे. तो आपल्याभोवती अमोनिया तयार करून आम्लापासून बचाव करतो आणि अस्तराला बारीक सूज आणून वर्षानुवर्षे राहतो. तो असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो आणि शंभरात एक ते तीन जणांना पुढे कर्करोग होतो.

यावर उपाय आहे. ठरावीक प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध, बहुधा चौदा दिवस. चीनच्या शानतुंग प्रांतात १९९५ साली काही लोकांना हा उपचार दोन आठवडे दिला आणि काहींना नाही. बावीस वर्षांनी पाहिले तर उपचार घेतलेल्यांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याने कमी होते. अडसाली आणि खोडव्याचा घोटाळा टाळून, एकाच रानात दोन वाफे केल्यासारखा हा प्रयोग होता, म्हणून त्याला वजन आहे.

पण म्हणून दुकानातून गोळ्या आणून खाऊ नका. मल, श्वास किंवा दुर्बिणीची तपासणी करून जंतू आहे असे ठरल्यावरच डॉक्टर औषध देतात. अर्धवट घेतलेले प्रतिजैविक म्हणजे अर्धवट मारलेली हुमणी. ती पुढच्या हंगामात पुन्हा उठते.

८. वैऱ्याचे साथीदार

पायलोरीला साथ देणारे चौघे आहेत.

पहिले मीठ. भरपूर मिठात मुरवलेले मासे, मांस आणि भाज्या जिथे रोजच्या जेवणात मोठ्या प्रमाणात असतात, त्या जपान, कोरिया, चीन या भागांत जठराचा कर्करोग जास्त आहे. अमेरिकेत १९३० च्या सुमारास हा कर्करोग फार माणसे मारत असे. पुढे घरोघर शीतकपाट आले, खारवलेले अन्न कमी झाले, ताजी फळे-भाज्या वाढल्या आणि त्याचे प्रमाण घटत गेले. आपल्या देशात याचे प्रमाण मिझोराममध्ये सर्वांत जास्त आहे. तिथल्या अभ्यासांत खारवलेले, धुरावलेले मांस-मासे आणि तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी तोंडात धरण्याची चाल यांच्याकडे बोट दाखवले गेले. काश्मीरमध्येही अन्ननलिकेचा आणि जठराचा कर्करोग बराच आढळतो. तिथे मीठ आणि सोडा घालून केलेला गरम चहा दिवसभर पितात, सोबत हुक्काही असतो. आपल्या ताटातली लोणच्याची एक फोड ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण लोणचे, पापड, सुकट आणि वरून मीठ असे रोजचे झाले, तर हात आखडावा. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही, एवढेच मीठ जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुसरी तंबाखू. धूम्रपानाने जठराचाही कर्करोग होतो हे पक्के आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक नोंदवह्यांत पुरुषांत तोंडाचा कर्करोग पुढे असतो. तो तंबाखू-सुपारीचाच प्रताप. आपल्या उसाच्या मुलखातच, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी येथे, १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची मोजदाद तेव्हापासून होऊ लागली.

तिसरी दारू. चौथे शरीराचे जादा वजन. वजनाचा संबंध जठराच्या वरच्या, अन्ननलिकेला लागून असलेल्या भागाच्या कर्करोगाशी आहे. आणि इथेच आपल्या घरची गोष्ट निघते.

९. साखरेबद्दल दोन शब्द

साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिणे काहींना वावगे वाटेल. पण सभासदाचे आरोग्य हीही कारखान्याचीच जमा आहे. साखरेने जठराचा कर्करोग होतो असा पुरावा नाही. परंतु हिशेब बघा. एका पेल्यात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर. दिवसाला पाच पेले, म्हणजे पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्या माणसासाठी वरून घेतलेल्या साखरेची जी वरची मर्यादा सांगितली, ती साधारण एवढीच होते. ती निम्म्यावर आणली तर आणखी चांगले, असेही तिने सांगितले आहे. म्हणजे नुसत्या चहातच दिवसाचा कोटा संपला. मग सणाची पुरणपोळी कोणत्या खात्यात टाकायची? गुळाचा चहा केला तरी हिशेब फारसा बदलत नाही. फडात दिवसभर कोयता चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि गाडीवर बसून रानात फेरी मारणाऱ्याची वेगळी. आपण पिकवतो म्हणून आपणच संपवली पाहिजे असे नाही.

चहा-कॉफीचे आणखी दोन दोष सांगून ठेवतो. ज्यांना छातीत जळजळ होते, त्यांची जळजळ रिकाम्या पोटी कडक चहा-कॉफीने वाढू शकते. त्यांनी सोबत काही खावे, पेले कमी करावे. दुसरे, जेवणाबरोबर किंवा लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही. ज्या माताभगिनींच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांनी जेवण आणि चहा यांत एक तासाचे अंतर ठेवावे.

आणि हो, जठराला व्रण पाडणारी एक वस्तू घरोघर आहे, तिचे नाव मात्र कुणी घेत नाही. अंगदुखीच्या गोळ्या! कंबर धरली, की रिकाम्या पोटी एक गोळी आणि वर चहा. दोष चहाला मिळतो, पण काम बहुधा गोळीने केलेले असते.

१०. केव्हा थांबू नये?

जठराचा कर्करोग सुरुवातीला साध्या अपचनासारखा वागतो, म्हणून तो उशिरा सापडतो. पुढीलपैकी काहीही दिसले तर सोडा, चूर्ण, काढा यांत दिवस घालवू नका :

* चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन दोन-तीन आठवड्यांत न थांबणे
* घास गिळताना अडकणे
* दोन घासांत पोट भरल्यासारखे होणे
* कारण नसताना वजन उतरणे
* डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा उलटीत रक्त पडणे
* रक्त कमी होऊन धाप लागणे

यातली बहुतेक माणसे तपासणीनंतर कर्करोग नाही असेच ऐकून घरी येतात. पण ज्या थोड्यांना तो असतो, त्यांच्यासाठी दोन महिने हे फार मोठे अंतर असते. तपासणी म्हणजे तोंडातून बारीक दुर्बीण आत घालून पाहणे. काही मिनिटांचे काम आहे. "हंगाम संपल्यावर बघू," असे म्हणू नका. कारखान्याची तोडणीची तारीख पुढे-मागे होईल, हा रोग तारीख देत नाही. खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड घेऊन महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. कर्करोगाचे उपचार तीत येतात. फडात आलेल्या टोळीतल्या माणसांनाही हे सांगा. परमुलखात त्यांना कोण सांगणार?

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. चहा किंवा कॉफी पिण्याने जठराचा कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही.
२. ६५ अंशांपेक्षा गरम पेयाचा धोका अन्ननलिकेला आहे. पाच मिनिटे थांबा किंवा बशी घ्या.
३. जठराचा मुख्य वैरी पायलोरी जंतू. त्याची तपासणी आणि उपचार दोन्ही आहेत. स्वच्छ पाणी आणि धुतलेले हात ही पहिली आघाडी.
४. तंबाखू, दारू, जादा मीठ आणि जादा वजन हे त्याचे साथीदार. चहा सोडून तंबाखू ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे.
५. अपचन लांबले, वजन उतरले, काळी शौच झाली, तर डॉक्टरांकडे जा.

घरी विचारायचे प्रश्न

हा पाठ घरात मोठ्याने वाचून दाखवावा आणि मग एकमेकांना विचारावे :

१. अन्ननलिका आणि जठर यांत फरक काय? गरम चहाचा चटका कुणाला बसतो?
२. कॉफीवरचा आळ कशामुळे आला होता? अडसाली-खोडव्याच्या उदाहरणाने सांगा.
३. आपल्या घरात दिवसाला चहातून माणशी किती साखर जाते? चमचे मोजून सांगा.
४. घरातल्या कुणाला महिन्याभरापासून अपचन आहे काय? असल्यास दवाखान्यात कधी जायचे, तो वार आजच ठरवा.